पेन्शनरांचे गाव आणि बिनपेन्शनीचे श्रोते

सातारला ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणण्याची चाल जुनी आहे. म्हणणारा कधी कौतुकाने म्हणतो, कधी टोमणा म्हणून. टोमण्यातला अर्थ असा की, येथे संध्याकाळी काठी टेकीत फिरायला निघणारे फार आणि कारखान्याचा भोंगा ऐकून धावणारे थोडे. आमचे सारे आयुष्य भोंग्यामागे धावणाऱ्यांच्यात गेले. त्यामुळे ‘उतारवयातील श्रवण’ हा विषय चालकांनी आमच्यापुढे ठेवला तेव्हा आम्हांला प्रथम हसू आले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, फार तर किमान वेतनावर बोलावे. व्याख्याने आणि गाण्याच्या मैफली यांच्याशी त्याचा संबंध तो काय?

पण थोडा विचार केल्यावर ध्यानात आले की, संबंध आहे आणि तो चांगला जवळचा आहे. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत उभे राहून झाले. मागच्या रांगेतून पुढच्या रांगा फार नीट दिसतात. कोण बसले आहे ते दिसते आणि कोण बसलेले नाही तेही दिसते. तीस वर्षांत वक्ते बदलले, विषय बदलले, सतरंज्या जाऊन खुर्च्या आल्या. पुढची रांग मात्र तीच राहिली. निवृत्त मास्तर, निवृत्त मामलेदार, पोस्टातले, बँकेतले, पाटबंधारे खात्यातले लोक. ही माणसे वाईट असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्या खिशाने आणि त्यांच्या चिकाटीने आपल्या व्याख्यानमाला जगल्या आहेत. प्रश्न इतकाच की, त्या रांगेत बसण्याचा परवाना कोठे मिळतो? आमचे उत्तर असे की, तो पेन्शनीच्या कागदाबरोबर मिळतो. हे उत्तर खरे की खोटे, ते इतिहासात पाहू.

पेन्शन ही वस्तू आपल्याकडे सरकारी नोकरीच्या, विशेषतः पलटणीच्या पाठीवर बसून आली. रणात पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी देण्याची रीत मराठेशाहीत होती. पण काम संपल्यावर जिवंत माणसाला महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळावी, ती कुणाच्या मेहेरबानीवर नसावी आणि त्याने ती हव्या त्या गावी बसून खावी, ही व्यवस्था इंग्रजी अमलात रुजली. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले. तिथून पुढे जिल्ह्याची कचेरी, न्यायालये, शाळा आणि त्यांच्याबरोबर नोकरवर्ग सातारला आला. हवा थंड, पाठीशी अजिंक्यतारा, प्यायला कासचे पाणी आणि पुण्यामुंबईच्या मानाने स्वस्ताई. नोकरी संपलेला माणूस येथेच घर बांधून राहिला तर त्यात नवल नाही.

या पेन्शनरांत एकाच जातीचे किंवा एकाच खात्याचे लोक होते असा समज करून घेऊ नये. त्यांतल्या एका पेन्शनराचे नाव सुभेदार रामजी सकपाळ. महूला पलटणीच्या शाळेत त्यांनी मास्तरकी केली. निवृत्तीनंतर ते दापोलीला आले आणि तेथून पोटासाठी पुन्हा नोकरी धरून सातारला आले. म्हणजे पेन्शन होती, पण ती पुरती नव्हती. ही गोष्ट आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव जुन्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराष्ट्रात आज ती तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आम्हांला मात्र त्या घरातला म्हातारा विद्यार्थीही दिसतो. रामजी कबीरपंथी होते. घरात भजन होते, पोथी होती, आणि मुलांकडून वाचून घेण्याचा कडक शिरस्ता होता. दापोलीकडच्याच गोपाळबाबा वलंगकरांनी १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाल्यावर लेखणी हाती घेतली आणि १८८८ साली अस्पृश्यतेवर ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पलटणीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या, अक्षरओळख आणि पेन्शन. अक्षरओळखीने प्रश्न सुचले, पेन्शनीने ते विचारण्याची सवड दिली. जातीच्या उतरंडीत तळाशी ठेवलेल्या समाजातला पहिला लिहिता-बोलता वर्ग मोठ्या प्रमाणावर पलटणीच्या पेन्शनरांचा निघाला, तो काही योगायोग नव्हे.

सातारा तालुक्यातले अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. अशा गावांत निवृत्त सुभेदार हे गावचे वर्तमानपत्र असे. बसरा कोठे, इटली कशी, तिथे शेती कशी करतात, हे पारावर त्याच्याकडूनच कळे. आम्ही लहानपणी असे एक सुभेदार पाहिले आहेत. त्यांचे बोलणे रोज तेच असे आणि ऐकणारे रोज तेच असत, तरी कुणी उठत नसे. ती व्याख्यानमालाच होती. तिला अध्यक्ष नव्हता इतकेच.

आता नावाच्या व्याख्यानमालेकडे वळू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शॉटॉक्वा नावाच्या तळ्याकाठी उन्हाळी व्याख्याने आणि गायनवादन यांचा एक उपक्रम सुरू झाला. तोही अजून चालू आहे. आरंभी तो धर्मशाळांतल्या शिक्षकांसाठी होता, नंतर शेतकरी, दुकानदार, गृहिणी सगळे तंबू ठोकून राहू लागले. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी दोहोंकडे काळ तोच निवडला गेला, उन्हाळ्याचा, सुट्टीचा. रानड्यांच्या वेळेचा श्रोता कोण? शाळा-कोर्टे बंद म्हणून मोकळा झालेला शिक्षक आणि वकील, कॉलेजचा विद्यार्थी आणि पेन्शनर. पैकी पहिल्या तिघांची सवड उन्हाळ्यापुरती, पेन्शनराची बारमाही.

पुण्याचे बी वाऱ्यावर उडून गावोगाव रुजले. वाईला लोकमान्य टिळक स्मारक संस्थेच्या व्याख्यानमालेने शंभरी केव्हाच ओलांडली. कृष्णेच्या काठचे एवढेसे गाव, पण तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा माणूस राहत होता आणि मराठी विश्वकोशाचे काम तेथून चालले. वाईचा श्रोता वक्त्याला घाम फोडतो अशी त्याची ख्याती आहे. ती खोटी नाही. आम्ही एका वक्त्याला तेथे व्याख्यानापेक्षा प्रश्नोत्तरांत जास्त वेळ उभे राहिलेले पाहिले आहे. प्रश्न विचारणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते आणि त्यांनी हातात टिपण आणले होते.

आता सांगलीकडे जाऊ. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, सातारा आणि सांगली हे एकाच घरातून वेगळे निघालेले भाऊ आहेत. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. पण खुद्द सांगली-मिरजेची घडण वेगळी. ती पटवर्धनांच्या संस्थानांची गावे. सातारला राजा गेला आणि कचेरी आली. सांगलीत राजा राहिला, म्हणून तेथे आधी कला आली. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले. तेव्हा ते कुणी पाहिले? राजाने बोलावलेल्या लोकांनी. पुढे भावे मंडळी घेऊन हिंडू लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. म्हणजे दहा वर्षांत प्रेक्षक बदलला. बोलावलेल्याच्या जागी पैसे मोजणारा आला. आमच्या मते मराठी रंगभूमीच्या इतिहासात ही घटना नाटकाच्या जन्माइतकीच मोठी आहे. राजाने बोलावले नाही तर घरी बसणारा माणूस आता चार आणे टाकून आत जाऊ शकत होता. अर्थात चार आणे असले तर.

मिरजेत तिसराच प्रकार घडला आणि तो आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो. किराण्याहून निघालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या स्टेशनवर त्यांनी देह ठेवला आणि त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात मूठमाती दिली. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी गाणे होते. मोठमोठे गवय्ये तेथे ‘हजेरी’ लावतात. शब्द पाहा, ‘कार्यक्रम करतात’ असे म्हणत नाहीत, हजेरी लावतात. ऐकणाऱ्याला तिकीट नाही, बोलावणे नाही, जात-धर्म नाही. रात्र चढत जाते आणि माणसे बसल्या जागी पंचे पसरतात.

त्या गर्दीत एक विशेष श्रोता असतो. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीर आहेत. मूळचे ते शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. राज्ये गेली, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्ये करायला घेतली आणि पुढे अख्खी गल्ली त्या धंद्यात शिरली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळलेले भोपळे येतात, ते भिजवून, कापून, आकार देऊन त्यावर लाकडी दांडी बसते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण लाकूडकाम झाले म्हणजे तंबोरा झाला असे नव्हे. शेवटी घोडीचा माथा कानसाने घासून घासून जवारी काढावी लागते. तार त्या माथ्यावर अशी टेकली पाहिजे की, एका सुरातून दहा सूर झंकारावेत. हे मोजायला यंत्र नाही, कान लागतो. गवयाला जो सूर हवा तो याला आधी ऐकू यावा लागतो. आता सांगा, आयुष्यभर शिकणारा श्रोता म्हणून कुणाला पुढच्या रांगेत बसवाल? वयाच्या सत्तरीत हा माणूस कानसच चालवीत असतो, कारण त्याला निवृत्त करायला मालक नाही आणि पोसायला पेन्शन नाही. दर्ग्यात तो ऐकायला येतो तेही धंद्याचा भाग म्हणून की देवाचे देणे म्हणून, हे त्याचे त्यालाच ठाऊक. पण तो येतो, कारण गाणे रात्री आहे आणि दार उघडे आहे.

वेळ आणि दार. आमच्या सगळ्या विवेचनाचा खिळा या दोन शब्दांवर ठोकलेला आहे.

कामगाराला वेळ कसा मिळाला ते थोडक्यात सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रीची का? दिवस मालकाचा होता म्हणून. त्यांचेच अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. सभा, अर्ज, पुन्हा सभा असे सहा वर्षे चालले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या मागणीत विश्रांतीबरोबर समाजकार्यासाठी आणि आपल्या लोकांच्या भल्यासाठी एक दिवस हवा अशी दृष्टी होती. आज रविवारी व्याख्यान ठेवणारे चालक लोखंड्यांचे ऋणी आहेत. ते त्यांना ठाऊक असो वा नसो.

आणि त्या मिळालेल्या वेळात सातारा-सांगलीच्या कष्टकऱ्याने काय ऐकले? त्याने काहीच ऐकले नाही असे जे समजतात, त्यांनी व्याख्यानाची व्याख्या फार अरुंद करून ठेवली आहे. त्याने एकादशीचे कीर्तन ऐकले, सत्यशोधकांचे जलसे ऐकले, बेचाळीसच्या धामधुमीत क्रांतिसिंह नाना पाटलांचे भाषण रानात बसून ऐकले. १९४४ साली मुंबईत निघालेल्या लाल बावटा कलापथकात वाटेगावचा अण्णाभाऊ साठे होता. हा माणूस शाळेत दीड दिवस टिकला असे सांगतात. मुंबईत त्याने अक्षरे गोळा केली आणि १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. त्याच्या श्रोत्यांत गिरणीतला सातारकर किती असेल याची मोजदाद कुणी ठेवली नाही. चाळीच्या पटांगणात मोजदाद ठेवायची म्हटली तरी कशी ठेवणार?

तो गिरणीतला सातारकर पुढे म्हातारा झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या मोडल्या, आणि कोरेगाव, खटाव, पाटण, शिराळ्याकडचे हजारो लोक वळकटी घेऊन गावी परतले. त्याच १९८२ साली, १७ डिसेंबरला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही धन्याने घातलेली भीक नव्हे, ती केलेल्या सेवेपोटी मिळवलेला हक्क आहे, मागाहून मिळणारे वेतन आहे, असे न्यायालयाने सांगितले. पेन्शनर मंडळी तो दिवस आजही साजरा करतात आणि त्यांनी करावा. आम्हीही त्या सभांना गेलो आहोत. पण त्या निकालाचे पेढे वाटले जात होते तेव्हा आमचा गिरणीवाला एसटीच्या टपावरून पेटी उतरवीत होता. एकाच वर्षात एकाच्या म्हातारपणाला कायद्याचे छप्पर मिळाले आणि दुसऱ्याचे उडाले.

खासगी कारखान्यातल्या माणसाला १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी मिळाला, पण ती एकरकमी रक्कम. ती मुलीच्या लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये जाते. मासिक पेन्शनीची योजना त्याच्यासाठी आली ती १६ नोव्हेंबर १९९५ ला. तिचा हिशेब सोपा आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. पगार कितीही असो, हिशेबाला मर्यादा साडेसहा हजारांची, जी २०१४ मध्ये पंधरा हजार झाली. १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षे भरून, पूर्ण मर्यादेचा पगार धरून एखादा निवृत्त झाला, तर साडेसहा हजार गुणिले अठरा भागिले सत्तर म्हणजे सोळाशे एकाहत्तर रुपये. आधीच्या नोकरीचा थोडा भाग वेगळा. त्यावर महागाईभत्ता नाही. आज जे मिळते तेच उद्या, साखर-तेल कोठेही जावो. २०१४ साली सरकारने किमान पेन्शन ठरवली ती एक हजार रुपये. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याने काही संरक्षण दिले. तो कायदा ज्यांच्या लढ्याने झाला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले, हे सातारकरांनी अभिमानाने सांगावे. पण पाठीचा कणा साठीपर्यंत टिकवण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

हे आकडे व्याख्यानमालेच्या पुस्तकात कशाला, असे कुणी म्हणेल. अशासाठी की, सोळाशे रुपयांचा पेन्शनर संध्याकाळी व्याख्यानाला येत नाही. तो रात्रपाळीला पहारेकरी म्हणून जातो. सुभेदार रामजींनी जे केले तेच तो सव्वाशे वर्षांनी करतो. बंगल्याच्या फाटकाशी, एटीएमच्या दाराशी खाकी सदऱ्यात जो म्हातारा बसलेला असतो, त्याला विचारून पाहा. बहुधा तो एखाद्या बंद पडलेल्या कारखान्यातला कुशल फिटर निघेल. आणि हा भेद आता सरकारी खात्यांच्या आतही शिरला आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. १४ मार्च २०२३ ला त्यासाठी मोठा संप झाला. आमचे म्हणणे पुढच्या रांगेतल्या मंडळींनी मनावर घ्यावे. तुमच्या खुर्च्या पुढे कोण चालवणार, हा प्रश्न उद्या तुमच्याच घरातल्या मुलांना पडणार आहे.

बायकांविषयी तर आम्ही काय बोलावे? आमच्या आईला कुणी कधी निवृत्त केले नाही. पूर्वी चातुर्मासात दुपारी पुराण असे, आणि म्हाताऱ्या बायका वाती वळीत ते ऐकत. त्या पुराणिकाला निदान एक गोष्ट कळत होती की, दोन स्वयंपाकांच्या मधली वेळच बाईची असते. आमच्या सुधारलेल्या व्याख्यानमाला साडेसहाला सुरू होतात, म्हणजे नेमक्या चुलीच्या वेळेला. अलीकडे एसटीने मात्र काही बदल केला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. त्यानंतर मागच्या रांगेत नऊवारीतली काही नवी माणसे आम्हांला दिसू लागली. वक्त्यांना वाटले, आपले नाव ऐकून आली. त्यांना तसे वाटू द्यावे.

आम्हीही या बाबतीत एक खटाटोप करून पाहिला, तो प्रांजळपणे सांगतो. पहिली पाळी साडेतीनला सुटते. तेव्हा चार ते पाच असा एक तास धरून युनियनच्या खोलीत निवृत्त आणि नोकरीतल्या कामगारांसाठी आठ दिवसांची माला लावली. पहिले वक्ते विद्वान होते. ते एक तास चाळीस मिनिटे बोलले. पुढची चाळीस मिनिटे श्रोते ताटकळत होते, कारण जकातवाडीकडची आणि लिंबकडची गाडी चुकत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हटले, तर पहिला प्रश्न ग्रॅच्युइटीचा आला. व्याख्यान ज्ञानेश्वरकालीन समाजावर होते. वक्ते रागावले, आम्ही खजील झालो. पण आज विचार करता त्यात खजील होण्यासारखे काय होते? ज्याच्या डोक्यावर ग्रॅच्युइटीची टांगती तलवार आहे, त्याने ती उतरवून ठेवल्यावरच तेराव्या शतकात शिरावे, हे ओघानेच आले. दुसऱ्या वर्षी आम्ही क्रम बदलला. आधी अर्धा तास अर्ज-तक्रारी, मग पाऊण तास व्याख्यान, आणि एका दिवशी एका म्हाताऱ्या भजनी मंडळाचे गाणे. त्या दिवशी खोली पुरली नाही. पखवाज वाजवणारा गृहस्थ ओतशाळेत तीस वर्षे भट्टीपुढे उभा राहिलेला होता आणि त्याचे बोट एका सांध्यावर तुटलेले होते. तरी ठेका सुटला नाही.

फ्रान्समध्ये तूलूझ येथे १९७३ साली एका प्राध्यापकाने म्हाताऱ्यांसाठी विद्यापीठाची दारे उघडली. त्याला ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ म्हणतात आणि ते पुढे देशोदेशी पसरले. परीक्षा नाही, पदवी नाही, आवडेल ते ऐकावे. कल्पना आम्हांला फार आवडली. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघांतून असे पुष्कळ चालते, त्यांची व्याख्याने होतात, भावगीतांच्या संध्याकाळी होतात. फक्त तिसरे वय सुरू होण्यासाठी दुसरे संपावे लागते. आमच्या पहारेकऱ्याचे ते संपलेले नसते.

सांगलीचे नगरवाचनालय दीडशे वर्षांचे झाले त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा त्यात शिरली आणि हजारो ग्रंथ भिजून गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही तेथे गेलो होतो. दाराशी एक हमाल गृहस्थ उभे होते. त्यांनी त्या इमारतीत पुस्तकांच्या पेट्या कित्येकदा वाहिल्या होत्या, सभासद मात्र ते कधी नव्हते. ओली पुस्तके पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही त्यांना का म्हणून विचारले नाही.

शेवटची एक आठवण सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी सातारला एका मालेत रंगो बापूजींवर व्याख्यान होते. आमच्याबरोबर कोरेगावकडचे एक निवृत्त यंत्रकामगार होते, वय सत्तरीपुढचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. १८३९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले, त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी विलायतेला निघाले, इथपर्यंत वक्ता आला आणि घड्याळात आठ वाजले. आबांची शेवटची गाडी सव्वाआठची. ते चपला हातात घेऊन, लोकांच्या पायांतून वाट काढीत गेले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून नाराजीने पाहिले.

दुसऱ्या आठवड्यात भविष्यनिधीच्या कामासाठी आबा युनियनच्या खोलीत आले. अर्जावर सही झाली, अंगठ्याला शाई नको म्हणाले, सहीच केली. मग कागद घडी करून खिशात ठेवीत त्यांनी विचारले, “आवं दादा, त्यो इलायतंला गेल्याला माणूस, त्येचं फुडं काय झालं?”

आम्ही सांगितले की, लंडनला ते जवळजवळ चौदा वर्षे होते. कंपनीच्या दारात अर्ज, सभेत भाषणे, पुन्हा अर्ज. पैसे संपले, कर्ज झाले, तिकडे महाराज काशीत वारले, राज्यही खालसा झाले, दाद लागली नाही, आणि ते परत आले.

“चौदा वर्सं?” आबा म्हणाले. “आन् मग?”

मग सत्तावन्न साल उजाडले. कटाच्या आरोपावरून त्यांच्या मुलाला आणि साथीदारांना सातारला गेंडामाळावर देहान्ताची शिक्षा झाली. रंगो बापूजींना धरायला इनाम लावले, पण ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

“मंजी घावलंच न्हाईत?”

“नाही सापडले.”

आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. “पुढल्या बारीला त्या मास्तरला म्हनावं, ह्ये आधी सांग,” ते म्हणाले, आणि कोरेगावच्या गाडीसाठी निघाले.